कायाकवर धरलेले खेकडे किनाऱ्याला येईपर्यंत जिवंत कसे ठेवायचे

आमच्याकडून कायाक (वल्ह्याने चालवायची लहान, अरुंद होडी) किंवा खेकड्यांचे पिंजरे नेणाऱ्यांचे जे फोन येतात त्यात एक तक्रार ठरलेलीच, "बादलीत चांगलं भरपूर पाणी घालून ठेवले होते हो, तरी परत येईस्तोवर निम्मे मेले." बहुतेकांना वाटतं पाणी कमी पडलं असेल. झालं उलटंच, त्या पाण्यानेच घात केला. म्हणून हे पत्रक काढलंय, पाण्यात उतरायच्या आधी एकदा वाचा.

खेकडा कल्ल्यांनी श्वास घेतो हे बरोबर, पण त्याचे कल्ले कवचाच्या आत दोन्ही बाजूंच्या पोकळीत झाकलेले असतात, आणि जोवर ते ओले आहेत तोवर तो हवेतून ऑक्सिजन घेत तासन्तास तग धरतो. बादलीतलं पाणी असतं साचलेलं, त्यात आठ-दहा जण एकमेकांवर चढून झटापट करणार, आहे तेवढा ऑक्सिजन बघता बघता संपतो, त्यात वरून ऊन, आणि पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो, शिवाय त्यांची घाण त्याच पाण्यात. आम्हीही सुरुवातीला हेच केलं होतं, दर थोड्या वेळाने पाणी बदलायचं असं ठरवून निघालो आणि गळाला मासा लागल्यावर बादली साफ विसरलो, किनाऱ्यावर येऊन बघतो तर तळातले सगळे गार पडलेले, फक्त वरचे दोन वळवळत होते ते पण नाक पाण्याबाहेर काढल्यासारखे बाकीच्यांच्या पाठीवर उभे राहिले म्हणून. आणि अजून एक, २० लिटर पाणी म्हणजे २० किलोच्या वर वजन, ते पण डचमळणारं. कायाक एका बाजूला कलली की पाणीही त्याच बाजूला धावतं. खेकड्यांचं राहू द्या, तुम्हीच पाण्यात जाल.

तर पाणी नको, ओल हवी. ओल, गारवा, सावली आणि थोडी खेळती हवा.

त्यासाठी साधा आईसबॉक्स पुरतो, सीटच्या मागच्या खोलगट जागेत बसेल असा, वर बंजी कॉर्डने (ताणली जाणारी लवचिक दोरी) आवळायचा. मोठा घेऊ नका, आम्ही विकतो तरी सांगतोय, रिकामा मोठा बॉक्स वाऱ्यात शिडासारखं काम करतो. तळाला पाणी भरून गोठवलेल्या दोन बाटल्या आडव्या ठेवा, त्यावर जाळी नाहीतर दुमडलेलं गोणपाट, त्यावर खेकडे पोट खाली पाठ वर असे, आणि सगळ्यांवर समुद्राच्या पाण्यात बुडवून पिळलेलं गोणपाट. टपटपत राहील इतकं ओलं नको. मधूनमधून त्यावर ओंजळभर खारं पाणी मारा. झाकण घट्ट लावायचं नाही, कडेला दोरीचा तुकडा अडकवा म्हणजे फट राहते आणि खेकडाही बाहेर येत नाही. (फट दोन बोटांची ठेवलीत तर येतो. मांडीवर आला की कळतं.)

सुटा बर्फ टाकायचा नाही हे मात्र नीट लक्षात ठेवा. तो वितळला की गोडं पाणी होतं आणि समुद्रातल्या खेकड्याला ते सोसत नाही, शरीरातल्या मिठाचं गणित बिघडतं, आणि तळाला डबकं साचलं की परत तीच बादलीची गोष्ट. म्हणून बाटल्या, आणि बॉक्सचं खालचं बूच उघडं. थेट बर्फाला टेकलेला खेकडाही दगावतो. बॉक्समध्ये हात घातल्यावर छान गार वाटलं पाहिजे, बोटं बधिर व्हायला लागली तर जास्त झालं. गारव्यात खेकडा सुस्त होतो, भांडत नाही आणि ऑक्सिजनही कमी लागतो, सगळी गंमत तीच आहे.

जाळीची पिशवी कायाकला बांधून पाण्यात सोडली तर चालेल का, हा पुढचा प्रश्न. एका जागी नांगर टाकून बसला असाल तर चालेल. वल्हवायला लागलात की पिशवी ओढ घेते, कायाक एका बाजूला खेचली जाते आणि आत पाय अडकून तुटतात. खाडीच्या तोंडाशी अजून एक भानगड असते, गोडं पाणी हलकं म्हणून वरच्या थरात तरंगतं आणि तुमची पिशवी नेमकी त्याच थरात लोंबकळत असते. तिथे पिशवी नकोच.

बॅटरीवरचा हवेचा पंप आमच्याकडे मिळतो, पण तो जिवंत आमिषासाठी घ्या. खेकड्यांसाठी गोणपाट पुरे.

जाळ्यातून सोडवताना पाय धरून ओढू नका. घाबरला की खेकडा स्वतःच पाय टाकून देतो, तो ठरलेल्या सांध्यातून सुटतो आणि जखम लगेच बंद होते, पण ओढून भलतीकडेच फाटला तर रक्त वाहत राहतं आणि तो बॉक्समध्ये टिकत नाही. मागून, शेवटच्या पायांच्या बुंध्याशी धरा, नांग्या तिथे पोचत नाहीत. मोठ्यांच्या नांग्या दोरीने बांधल्या तर उत्तम. नुकती कात टाकलेला, दाबल्यावर कवच मऊ लागतं असा असेल तर तिथेच सोडा, आत मांस फारसं नसतं आणि बाकीचे त्याला फाडतात. पोटाखाली अंडी असलेली मादी आणि लहान साईजचे पण तिथल्या तिथे पाण्यात, नंतर निवडू म्हणून बॉक्समध्ये ठेवू नका. तुमच्या भागात साईजचा नियम काय आहे तो आधी विचारून घ्या.

तोंडाशी फेस यायला लागला की समजायचं कल्ले सुकतायत, गोणपाट भिजवा. पाय लुळे लोंबतायत, डोळ्याला हलकं टोचलं तरी आत घेत नाही, तोंडाची हालचाल नाही, असा असेल तर तो गेला. मेलेला खेकडा फार झपाट्याने खराब होतो, कधी मेला ते कळत नाही, त्यामुळे तो खायचा नाही. वाईट वाटलं तरी फेकायचा.

घरी बॉक्स रिकामा करताना आधी गोणपाट झटका आणि मग हात घाला. एक तरी घडीत दडून बसलेला असतो.