रुमालाखालचा भाव आणि सर्वांची वही

खानदेशातल्या गुरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून, बोटे दाबून भाव ठरवण्याची रीत जुन्या माणसांनी पाहिलेली आहे. बैल कुणाच्या दावणीतून सुटला आणि कुणाच्या दावणीला गेला, हे भोवतीच्या सगळ्यांना दिसे. आकडा मात्र त्या दोघांतच राही. शेतमालाच्या बाजारात हीच झाकपाक शेतकऱ्याच्या मुळावर आली, कारण तिथे रुमाल व्यापारी आणि दलाल यांच्या हातांवर असे आणि माल ज्याचा तो बाहेर उभा असे. बाजार समित्यांच्या आवारात उघड लिलावाचा आग्रह धरला गेला, तो या अनुभवातून. वितरित खातेवहीच्या (डिस्ट्रिब्युटेड लेजर, म्हणजे ब्लॉकचेनसारखी, अनेकांच्या संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली सामायिक वही) जालावर माहिती खासगी ठेवूनही वाटून कशी घ्यायची, या प्रश्नाचा इतिहास पाहताना हा रुमाल वारंवार आठवतो, कारण काय झाकायचे यापेक्षा कुणापासून झाकायचे हाच तिथलाही वाद आहे.

या तंत्राचे मूळ दोन वेगळ्या घराण्यांत आहे. पहिले घराणे शिक्क्याचे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टोर्नेटा या संशोधकांनी 1991 मध्ये संगणकीय दस्तऐवजावर काळाची अशी मोहर उठवण्याची रीत मांडली, की मागची तारीख घालणे कुणालाच शक्य होऊ नये. प्रत्येक नोंदीचा एक ठसा, म्हणजे हॅश (मजकुरावरून गणिताने निघणारी ठराविक लांबीची खूण), काढायचा आणि तो पुढच्या नोंदीत गुंफायचा. त्यांच्या कंपनीने 1995 पासून असा एकत्रित ठसा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली, छापलेला अंक घरोघरी गेला की तो बदलणार कोण? सातोशी नाकामोतो या टोपणनावाने 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बिटकॉइनच्या आराखड्यात या कामाचे ऋण संदर्भांतून मान्य केलेले आहे. जाता जाता एक गोष्ट नोंदवायला हवी. लेजर म्हणजे खतावणी, असा शब्दशः अर्थ होतो, पण ब्लॉकचेन ही खरे तर कीर्द आहे: व्यवहार घडेल त्या क्रमाने उतरलेला, खाडाखोड न चालणारा, आणि या बाबतीत तर प्रत्येकाच्या दुकानात एकेक प्रत असलेला रोजमेळ.

दुसरे घराणे पडद्याचे, आणि ते वयाने थोडे मोठेच आहे. दोन सराफांना आपापली तिजोरी न उघडता दोघांत अधिक धनवान कोण एवढेच जाणून घ्यायचे असेल तर काय करावे? अँड्र्यू याओ यांनी 1982 मध्ये हा प्रश्न दोन लक्षाधीशांच्या नावाने गणितात मांडला. पुढे 1985 मध्ये शफी गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ यांनी शून्यज्ञान सिद्धतेची कल्पना दिली: विधान खरे आहे हे समोरच्याला पटवायचे, पण त्याखेरीज त्याच्या हाती काहीही लागू द्यायचे नाही. दीर्घकाळ हे काम मुख्यतः कागदावरच राहिले.

बिटकॉइनने शिक्का उचलला आणि पडदा जवळजवळ सोडून दिला. नावाऐवजी पत्ता, म्हणजे अक्षरे आणि आकडे यांची एक खूण, वापरला की ओळख लपते, असा समज होता. 2013 च्या सुमारास संशोधकांनी पत्त्यांचे गट पाडून अनेक व्यवहार कुणाचे ते दाखवले आणि तो समज ढासळला. ही दोन घराणी प्रत्यक्ष चलनात एकत्र आली ती ऑक्टोबर 2016 मध्ये सुरू झालेल्या झीकॅश या संगणकीय चलनात, जिथे शून्यज्ञान सिद्धतेच्या आधारे रक्कम आणि दोन्ही पक्ष झाकता येतात. व्यापारी कंपन्यांनी मात्र वेगळी वाट धरली. कंपन्यांसाठी बनवलेल्या खातेवही-प्रणालींपैकी कॉर्डाने नोंद केवळ संबंधितांनाच पाठवण्याचे तत्त्व घेतले, तर हायपरलेजर फॅब्रिकने 2017 च्या पहिल्या पूर्ण आवृत्तीत ‘चॅनल’, म्हणजे निवडक सभासदांची स्वतंत्र वही, आणली.

ही वही रावेर तालुक्यात आणून पाहू. तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची भौगोलिक मानांकन मिळालेली 22 टन केळी 2021 मध्ये दुबईला गेली. अशा मालाची नोंद शेतकरी गट, पॅकहाउस, वाहतूकदार, बँक आणि परदेशी खरेदीदार यांच्या सामायिक वहीत ठेवायची म्हटली, तर कापणीची तारीख आणि शीतसाखळीतले तापमान सर्वांना दिसायला हरकत नाही. भाव मात्र दुसऱ्या पॅकहाउसला कळता कामा नये. प्रत्येक जोडीसाठी वेगळे चॅनल काढत गेल्यास वह्यांचाच ढीग होतो. म्हणून फॅब्रिकने 2018 मध्ये खासगी माहितीसंच आणले: भाव फक्त संबंधितांच्या यंत्रांवर, सामायिक वहीत केवळ त्याचा ठसा.

इथे एक फसगत आहे, आणि ती नवख्यांकडून सर्रास होते. ठशावरून मूळ आकडा उलटा काढता येत नाही हे खरे, पण केळीचा क्विंटलचा भाव समजा 500 ते 3500 रुपयांच्या दरम्यान असेल, तर पूर्ण रुपयांतले पर्याय सुमारे तीन हजारच होतात. साधा संगणक त्या सगळ्यांचे ठसे क्षणात काढून वहीतल्या ठशाशी ताडून पाहील, आणि भाव उघडा पडेल. यावर उपाय म्हणून आकड्यात एक मोठी यादृच्छिक संख्या मिसळतात. इंग्रजीत तिला मीठ याच अर्थाचे नाव आहे, आणि ते न घातल्यास सगळा स्वयंपाक फुकट जातो.

तंत्राच्या मागोमाग कायदा आला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, युरोपीय संघाचा जीडीपीआर हा माहिती संरक्षणाचा कायदा मे 2018 पासून लागू झाला, आणि भारताचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये संमत झाला. या दोन्ही कायद्यांत माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे, आणि न पुसता येणे हाच तर या वहीचा गुण. परिणामी वैयक्तिक माहिती सामायिक वहीबाहेर ठेवायची, मुदत संपताच ती नष्ट करायची आणि वहीत ठसाच उरू द्यायचा, ही रीत रुळली. फॅब्रिकच्या खासगी संचाला तशी मुदत घालता येते. शेतकऱ्याचे नाव आणि बँक खाते अशा रीतीने पुसले, तरी मागे उरलेला तो ठसा वैयक्तिक माहिती मानायचा की नाही, यावर कायदेपंडितांचा खल अजून चालू आहे.