गेलेल्या माणसाचं चित्र, तेही पेस्टलमध्ये

माणूस गेल्यावर त्याचा फोटो चित्रकाराकडे देऊन पेस्टलमध्ये, म्हणजे रंगाच्या कोरड्या कांड्यांनी, व्यक्तिचित्र करून घेतात. या कामामागे दोन निरनिराळे इतिहास आहेत, आणि ते एकमेकांना भेटले फार उशिरा.

मृताचा चेहरा राखण्याची धडपड पुरातन आहे. इजिप्तच्या फायूम भागात इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकात लाकडी फळीवर, बहुतेकदा मेणात कालवलेल्या रंगांनी चेहरा रंगवत आणि ती फळी ममीच्या तोंडावर बसवत. त्या चेहऱ्यांचे मोठे, उघडे डोळे मला फार महत्त्वाचे वाटतात. पुढे युरोपात मृताच्या चेहऱ्यावरून साचा घेऊन मुखवटे केले गेले. त्यांत नाक-हनुवटी तंतोतंत उतरे, पण डोळे मिटलेले असत. मागे राहिलेल्यांना हवे असतात ते उघडे डोळे.

पेस्टलची गोष्ट मात्र जिवंत माणसांपासून सुरू होते. रंगाची पूड, खडू आणि जेमतेम कांडी धरेल इतका डिंक, एवढंच त्याचं साहित्य. तेलरंगासारखं वाळायची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे समोर बसलेल्याला ताटकळत ठेवावं लागत नाही. कागदाच्या खरखरीत अडकलेली पूड प्रकाश चहूकडे पसरवते. तिला वॉर्निशची चकाकी नसते, म्हणून कातडीचा मऊपणा इतका खरा वाटतो. व्हेनिसची रोझाल्बा कॅरिएरा 1720 मध्ये पॅरिसला गेली आणि तिच्या पेस्टल चित्रांनी तिथल्या उमरावांना वेड लावलं. मोरिस कांतँ द ला तूर (1704–1788) यानं तर हे माध्यम कळसाला नेलं. नुसत्या चेहऱ्यांची त्याची कच्ची अभ्यासचित्रं फ्रान्समधल्या सँ-कांतँ गावच्या संग्रहालयात आहेत. आता बोलतील असे त्यांतले चेहरे आहेत.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घरात कुणी, विशेषतः मूल, गेलं की चित्रकाराला बोलावणं जाई. विल्यम सिडनी माउंटसारख्या नामवंतानंही मृताशेजारी बसून रेखाटनं केली आणि त्यांवरून जिवंत वाटणारी चित्रं रंगवली. मग 1839 मध्ये डगेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उमटणारं सुरुवातीचं छायाचित्र, जगासमोर आलं. चेहरा टिकू लागला, पण तळहातात मावेल एवढाच.

1857 मध्ये डेव्हिड ॲचेसन वुडवर्ड यानं सूर्यप्रकाशानं छायाचित्र मोठं करणाऱ्या कॅमेऱ्याचं पेटंट घेतलं. मोठी केलेली प्रतिमा फिकट, धूसर येई. तिच्यावर कोळशाने, खडूने, पेस्टलने हात फिरवून चेहरा उभा करावा लागे. दोन इतिहासांची गाठ पडली ती इथे. अशी ‘क्रेयॉन पोर्ट्रेट’ पुढे दारोदार फिरणारे एजंट मागण्या घेऊन करवून देत. त्यांतली पुष्कळशी ताठर आहेत, आणि मला त्याचं कारण उघड दिसतं: कागदावर हात फिरवणाऱ्यानं त्या माणसाला पाहिलेलं नसे, त्याच्याबद्दल कुणाशी बोलणंही होत नसे.

आजही अडचण तीच आहे. फ्लॅशमुळे चेहरा सपाट होतो, जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं दिसतं, जुन्या कृष्णधवल फोटोत बुबुळांचा रंगच नसतो. म्हणून जाणता चित्रकार एकाऐवजी अनेक फोटो मागतो आणि घरच्यांना विचारत बसतो: हसताना डोळे बारीक व्हायचे का, मान कुठल्या बाजूला कलायची? त्या उत्तरांवरून तो पापणीची एखादी कड बोटाने पुसतो, पुन्हा लावतो.

चित्र पूर्ण झालं तरी पूड मोकळीच राहते. ती धरून ठेवणारा फवारा, म्हणजे फिक्सेटिव्ह, जास्त मारला तर रंग गडद होतात. म्हणून चित्राला काच लावतात, आणि पूड तिला चिकटू नये यासाठी काच व कागद यांच्यामध्ये थोडी जागा सोडतात.