बागेतली नॅरोगेज: ४५ आणि ३२ मिलिमीटरची पूर्वपीठिका

बागेत छोटी रेल्वे मांडायची म्हणून जो पहिल्यांदा माहिती काढायला बसतो, त्याचा पहिला गोंधळ रुळांपाशीच होतो. दोन रुळांमधलं अंतर ४५ मिलिमीटर, एवढं डोक्यात बसलं की वाटतं, झालं, आता या मापाची इंजिनं आणि डबे तेवढे निवडायचे. पण त्याच ४५ मिमीवर चालणारी एक गाडी १:३२ प्रमाणाची (म्हणजे खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या भागाएवढी) असते, दुसरी १:२२.५ ची, तिसरी १:२०.३ ची, आणि एखादी चक्क १:१३.७ ची. शेजारी ३२ मिमीचे रूळ टाकून बसलेली मंडळी असतात. त्यांचे रूळ अरुंद, आणि तरी त्यांच्या गाडीतला ड्रायव्हर ४५ मिमीवाल्यांच्या बहुतेक ड्रायव्हरांपेक्षा उंच!

यात चूक कुणाचीच नाही. खेळणी करणाऱ्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी ठरवलेली मापं आणि डोंगराळ भागातल्या खऱ्या नॅरोगेजची मापं एकाच बागेत येऊन भेटली, त्याचा हा परिणाम आहे. ती कशी भेटली हे कळलं की कोणते रूळ घ्यायचे हा प्रश्नही बराच सोपा होतो.

सुरुवात वेल्सच्या उत्तरेकडून करायला हवी. ब्लायनाउ फेस्टिनिओग या गावाभोवतीच्या खाणींतून छपरांसाठी लागणारा पाटीचा दगड निघायचा आणि तो पोर्थमॅडॉगच्या बंदरावर न्यावा लागायचा. अंतर सुमारे २१ किलोमीटर, आणि खाली उतरायचं २०० मीटरहून जास्त. १८३६ साली तिथे फेस्टिनिओग रेल्वे सुरू झाली. रुळांची रुंदी १ फूट साडेअकरा इंच, म्हणजे ५९७ मिमी. खाणीच्या आत माणसं ज्या गाड्या हाताने ढकलत, त्यांच्या मापाच्या आसपासचीच ही रुंदी. मार्ग आखला तो खाणीपासून बंदरापर्यंत सलग उतार राहील असा, साधारण ८० फुटांत १ फूट. दगडाने भरलेल्या वाघिणी वजनानेच खाली घरंगळत यायच्या. ब्रेक सांभाळायला माणसं वर बसलेली असत. त्याच गाडीला घोड्यांसाठी वेगळी वाघीण जोडलेली असे. घोडे तिच्यात उभं राहून चारा खात खाली यायचे आणि रिकाम्या वाघिणी ओढत परत वर जायचे. नॅरोगेजबद्दल कुणी काही विचारलं की मला आधी ही घोड्यांची वाघीणच सांगाविशी वाटते. कमी पैशात, मिळेल तेवढ्या जागेत, डोंगराचा कल सांभाळून काम कसं निभवायचं, याची सगळी समज तिच्यात आहे.

इतक्या अरुंद रुळांवर वाफेचं इंजिन चालेल का, याबद्दल त्या काळी शंका होती. १८६३ साली तिथे पहिली इंजिनं आली आणि १८६५ पासून प्रवासीही बसू लागले. १८६९ साली रॉबर्ट फेअर्लीच्या रचनेचं ‘लिटल वंडर’ दाखल झालं. दोन्ही टोकांना धुराडी, मध्ये चूल, आणि चाकांचे दोन स्वतंत्र सांगाडे, म्हणजे लांब इंजिनही वळणावर वाकू शकेल. फेब्रुवारी १८७० मध्ये त्याच्या चाचण्या पाहायला रशियासकट बाहेरचे इंजिनिअर आले. तेव्हापासून अरुंद रेल्वे हा गरिबाघरचा तात्पुरता उपाय न राहता आखणीचा एक मान्य मार्ग झाला. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतातली ३ फुटी डेन्व्हर अँड रिओ ग्रँड असो की १८८१ साली पूर्ण झालेली २ फुटी दार्जिलिंगची गाडी, त्या काळच्या नॅरोगेजच्या लाटेमागे फेस्टिनिओगचं उदाहरण होतं.

या रेल्वेचा कारभार तेव्हा चार्ल्स ईस्टन स्पूनर पाहत असे. पोर्थमॅडॉगमधल्या आपल्या घराच्या बागेत त्याने स्वतःसाठी छोटी रेल्वे मांडली होती. तिच्यावरच्या वाफेच्या इंजिनाचं नाव ‘टॉप्सी’. ते १८६९ साली रेल्वेच्याच बॉस्टन लॉज कारखान्यात तयार झालं आणि त्याच्या रुळांची रुंदी ३ इंच आणि वर इंचाचा आठवा भाग, म्हणजे सुमारे ७९ मिमी होती. ज्या वर्षी ‘लिटल वंडर’ आलं, त्याच वर्षी हे. नॅरोगेज जगासमोर मांडणाऱ्या माणसाच्या बागेतच तिची लहान आवृत्ती पळत होती. आपला छंद नवा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे साल लक्षात ठेवावं.

नॅरोगेज आणि बाग यांचं इतकं जमतं याचं कारण भूमितीत आहे. मुख्य मार्गावर ३०० मीटर त्रिज्येचं वळणही तीव्र समजतात. १:३२ प्रमाणात ते ९ मीटरहून मोठं होतं. एवढ्या त्रिज्येचं अर्धवर्तुळ घालायला १८ मीटर रुंद जागा लागेल, आणि ती फार थोड्या बागांत असते. फेस्टिनिओगसारख्या मार्गावर मात्र ५० मीटरपेक्षा कमी त्रिज्येची वळणं आहेत. १:१९ प्रमाणात ती अडीच मीटरच्या आसपास येतात. गाड्या आखूड, वेग कमी, चढ भरपूर, स्टेशन म्हणजे एखादी शेड आणि पाण्याची टाकी. बागेत या सगळ्याला फारशी काटछाट करावी लागत नाही. मुख्य मार्गाची एक्सप्रेस बागेत आणली की १५-२० डब्यांचे चार डबे करावे लागतात आणि ते डोळ्यांना खुपतं. नॅरोगेजला मुळातच तीन-चार डबे असतात.

फ्रान्समध्ये याच काळात वेगळा विचार चालला होता. पॉल डेकोव्हिल याने शेतातलं बीट वाहून न्यायला सुट्या तुकड्यांचे रूळ तयार केले. लोखंडी स्लीपर आधीच जोडलेला तुकडा माणसांनी उचलायचा, जमिनीवर ठेवायचा, पुढचा जोडायचा. काम संपलं की सगळं उचलून दुसऱ्या शेतात. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या ६० सेंटिमीटर रेल्वेने ६० लाखांहून जास्त प्रवासी वाहिले. पहिल्या महायुद्धात खंदकांपर्यंत दारूगोळा पोचवायला दोन्ही बाजूंनी याच रुंदीचे रूळ टाकले, आणि युद्ध संपल्यावर उरलेली इंजिनं खाणींत, वीटभट्ट्यांवर, ऊसमळ्यांत गेली. खेळण्यातल्या रुळांचे तुकडे एकमेकांत अडकवताना मला नेहमी डेकोव्हिल आठवतो. हाताळायची रीत तीच आहे.

इंग्लंडमध्ये सर आर्थर हेवूड यांनी १८७४ पासून आपल्या जमिनीवर १५ इंची रेल्वे उभारली. माणूस बसू शकेल अशी सगळ्यात लहान उपयुक्त रुंदी कोणती, हे त्यांना शोधायचं होतं. त्यातून पुढे माणसांना बसवून नेणाऱ्या उद्यानातल्या गाड्यांची वेगळी परंपरा निघाली.

आता खेळण्यांकडे. जर्मनीतल्या मार्कलिन या खेळणी करणाऱ्या कंपनीने १८९१ साली लायपझिगच्या जत्रेत आगगाडीचा संच मांडला आणि रुळांच्या रुंदीला क्रमांक द्यायला सुरुवात केली. १ क्रमांकाचे रूळ ४५ मिमीचे ठरले, ० क्रमांकाचे ३२ मिमीचे. खऱ्या प्रमाणित मार्गाची (स्टँडर्ड गेजची) रुंदी १४३५ मिमी, म्हणजे ४५ मिमीवर १:३२ चं आणि ३२ मिमीवर १:४५ च्या जवळपासचं प्रमाण येतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हौशी श्रीमंत मंडळी अशा गाड्या बागेत चालवत, चावीवर किंवा स्पिरिटच्या ज्योतीवर. पुढे घरं लहान झाली, विजेवर चालणाऱ्या छोट्या मापाच्या गाड्या आल्या आणि छंद घरात टेबलावर गेला.

त्याच काळात खऱ्या नॅरोगेजवरही गंडांतर आलं. लॉरीपुढे त्या टिकेनात. इंग्लंडमधली लिंटन-बार्न्स्टेपल लाइन सप्टेंबर १९३५ मध्ये बंद झाली, आणि तशा पुढे कितीतरी. वेल्समधली टॅलिलिनही त्याच वाटेवर होती. टॉम रोल्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी ऑक्टोबर १९५० मध्ये बर्मिंगहॅमला सभा घेतली आणि मे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी ती चालवायला घेतली. जतन करून स्वयंसेवकांनी चालवलेली ही जगातली पहिली रेल्वे. १९५५ पासून बंद पडलेल्या फेस्टिनिओगवरही गाड्या टप्प्याटप्प्याने परत धावू लागल्या. माझ्या मते बागेतल्या नॅरोगेजचा खरा जन्म या स्वयंसेवकांमध्ये आहे. शनिवार-रविवारी झुडपं तोडणारी, कुजलेले स्लीपर बदलणारी ही माणसं. लहान मुलाला खेळण्याची नसेल तेवढी या इंजिनांची माया त्यांना होती, आणि तीच माया घरी घेऊन जायची तर मॉडेलला पर्याय नव्हता.

रूळ आणि चाकं मात्र बाजारात मिळत होती ती ० आणि १ क्रमांकाची. तेव्हा या मंडळींनी रूळ तसेच ठेवले आणि वरच्या गाडीचं प्रमाण बदललं. ३२ मिमीचे रूळ म्हणजे २ फूट असं धरलं तर फुटाला १६ मिमी येतात, म्हणजे साधारण १:१९. ब्रिटनमध्ये हे ‘१६ मिमी’ प्रमाण रुजलं. मोठ्या प्रमाणाचा एक फायदा लगेच दिसला: त्यात खरी वाफ सुखाने खेळते. लांबी दुप्पट केली की बॉयलरमध्ये पाणी आठपट मावतं, पण उष्णता बाहेर जायचा पृष्ठभाग चौपटच वाढतो. अगदी लहान इंजिनात वाफ तयार होते न होते तोच थंड होते. १:१९ च्या इंजिनात थोडंसं ब्युटेन भरून वीस-पंचवीस मिनिटं शांतपणे फेऱ्या मारता येतात. १९७० च्या दशकात छोट्या कारखानदारांनी अशी इंजिनं करायला घेतली, आणि १९८० च्या सुमारास मॅमॉड या खेळणी करणाऱ्या कंपनीने इंधनाच्या वड्यांवर चालणारं स्वस्त इंजिन आणलं. त्याचा वेग आवरणं कठीण होतं, पण ते उघडून, सुधारून, नव्याने जोडून कितीतरी जण वाफेचं काम शिकले.

जर्मनीत हाच विचार उलट्या बाजूने झाला. लेमान ही १८८१ पासूनची पत्र्याची खेळणी करणारी कंपनी दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेम्बर्गला आली होती. १९६८ च्या तिथल्या खेळण्यांच्या मेळ्यात कंपनीच्या रिश्टर बंधूंनी ‘लेमान ग्रोस बान’, म्हणजे एलजीबी, मांडली. ४५ मिमीचे रूळ म्हणजे मीटरगेज असं धरून प्रमाण १:२२.५. पितळी रूळ, उन्हापावसात टिकणारे प्लास्टिकचे स्लीपर, आणि ६० सेंटिमीटर त्रिज्येचं वळण: बारा तुकडे जोडले की वर्तुळ पूर्ण. तिचं सगळ्यात ओळखीचं छोटं इंजिन ऑस्ट्रियातल्या श्टाइन्झच्या इंजिनावरून घेतलं होतं. मूळ इंजिन ७६० मिमी रुळांवर चालायचं, म्हणजे मापाचा काटेकोरपणा पहिल्यापासूनच सैल होता. मला त्याचं दुःख नाही. घरात मांडलेली गाडी उचलून अंगणात ठेवता येते आणि पाऊस आला तरी काही बिघडत नाही, हे लोकांना एलजीबीने दाखवलं.

अमेरिकेत ३ फुटी मार्गांचं वेड मोठं. ४५ मिमी म्हणजे ३ फूट असं नेमकं धरायचं तर १:२०.३ हे प्रमाण येतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी बॅकमन या कंपनीने स्वस्त मोठ्या गाड्या आणल्या आणि नंतर १:२०.३ च्या तपशीलवार इंजिनांकडे वळली. २ फुटी मार्ग ४५ मिमीवर बसवायचा तर १:१३.७. सुरुवातीच्या गोंधळातले सगळे आकडे असे एकेका देशाच्या खऱ्या नॅरोगेजकडे बोट दाखवतात. एलजीबीचं दिवाळं २००६ मध्ये निघालं आणि पुढच्या वर्षी ती मार्कलिनकडे गेली, ज्यांनी ४५ मिमीला १ क्रमांक दिला होता त्यांच्याकडेच.

मांडणीच्या कामातही जुन्या गँगमनचीच कामं येतात: भराव, निचरा, खडी. काही गोष्टी मात्र प्रमाणात लहान होत नाहीत. गाडी १:१९ ची असली तरी पावसाचा थेंब पूर्ण आकाराचाच पडतो आणि बारीक खडी वाहून नेतो. ऊनही पूर्ण मापाचं. १० मीटर पितळी रूळ ४० अंशांच्या फरकाने साडेसात मिलिमीटर वाढतो, म्हणून रूळ काँक्रीटला पक्के न खिळता खडीत मोकळे ठेवायचे आणि सांध्यांत फट सोडायची. झाडांचंही तसंच. ९ सेंटिमीटरच्या माणसाशेजारी हाताएवढं पान विचित्र दिसतं, म्हणून थाइमसारखी बारीक पानांची रोपं आणि बुटके सूचिपर्णी लावायची प्रथा पडली.

रुळांतून वीज देण्याची पद्धत पितळ काळं पडलं की रुसते, आणि दर वेळी गाडी लावण्याआधी रूळ घासावे लागतात. रेडिओ नियंत्रण आणि चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या स्वस्त झाल्यावर अनेकांनी वीज इंजिनातच ठेवली. मग ३२ आणि ४५ मधलं भांडणही निवळलं. ब्रिटनमधल्या कित्येक १६ मिमी इंजिनांची चाकं आता आसावर सरकवता येतात. बारीक स्क्रू सैल करायचा, चाक आत किंवा बाहेर घ्यायचं आणि पुन्हा आवळायचं. तेच इंजिन सकाळी स्वतःच्या ३२ मिमीच्या रुळांवर आणि संध्याकाळी मित्राच्या ४५ मिमीच्या रुळांवर चालतं.