मोहोराच्या दिवसांत मधपेटी ओस का पडते?

देवगड-रत्नागिरी पट्ट्यात आंबा मोहोरला की तुडतुडा या किडीवर फवारण्या सुरू होतात. त्याच सुमारास सातेरी या मधमाशीच्या पेट्या पाळणारे एक तक्रार करतात: पेटीपुढे मेलेल्या माश्यांचा खच नाही, रोगाची खूण नाही, तरी वर्दळ रोडावते. गेलेल्या माश्या परततच नाहीत. या तक्रारीचा माग काढायचा तर शेतीपेक्षा मेंदूच्या संशोधनाकडे वळावं लागतं.

१८५० मध्ये फेलिक्स द्युजार्दां या फ्रेंच शास्त्रज्ञाला मधमाशीच्या मेंदूत अळंबीच्या आकाराचे भाग दिसले. त्यांचा बुद्धीशी संबंध असावा, असं त्याने सुचवलं. पुढे कार्ल फॉन फ्रिश यांनी माशीचा नाच उलगडला. नाचाच्या कोनातून फुलांची दिशा कळते, डोलण्याच्या वेळेवरून अंतर. त्यासाठी १९७३ चं नोबेल मिळालं. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी १९५० च्या दशकात श्रीलंकेत येऊन सातेरी, आग्या आणि फुलोरी या मधमाश्यांचे नाच अभ्यासले. २०२० मध्ये बंगळूरुच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या संशोधकांसह झालेल्या अभ्यासाने दाखवलं की या तिघींत सातेरीच सर्वांत जवळ चरते. आपल्या वाडीच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं आहे.

स्मृतीचा ठाव मात्र एका साध्या प्रयोगाने लागला. गारठवून सुस्त केलेली माशी बारीक नळीत बसवतात, डोकं तेवढं बाहेर. मिशीला साखरपाणी लागलं की सोंड आपसूक बाहेर येते. आधी वास आणि लगेच साखर, असं दोन-चारदा केलं की पुढे नुसत्या वासानेही सोंड बाहेर! जपानच्या कुवाबारांनी १९५७ मध्ये वाट दाखवली. बर्लिनच्या रांडोल्फ मेंझेल यांनी ती अनेक दशकं चालवली. जेमतेम दहा लाख चेतापेशींच्या या मेंदूतही अल्पकाळाची आणि दीर्घकाळाची स्मृती वेगवेगळी असते. त्यात असेटिलकोलीन या रसायनाचा मोठा वाटा आहे. माणसाच्या स्मृतीलाही तेच लागतं. अल्झायमरवरचं डोनेपेझिल हे औषध हेच रसायन टिकवून धरतं.

तुडतुड्यावरची इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम ही कीटकनाशकं नेमकी या रसायनाची पेशीवरची जागा बळकावतात. तुडतुडा मरतो. थोडीशी मात्रा पोटात गेलेली मधमाशी मरेलच असं नाही, पण ती वाट चुकते. २०१२ मध्ये फ्रेंच संशोधकांनी माश्यांच्या पाठीवर सूक्ष्म चिप चिकटवून हे पाहिलं: थायामेथोक्झाम पाजलेल्या माश्या घरी कमी परतल्या. पुढच्याच वर्षी डंडी विद्यापीठात इमिडाक्लोप्रिडचा परिणाम थेट त्या अळंबीसारख्या भागातल्या पेशींवर दिसला. २०१८ मध्ये युरोपीय संघाने या दोन्हींच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली.

बागायतदाराला दोषी ठरवून मला मोकळं होता येत नाही. तुडतुडा मोहोराचा रस शोषतो, चिकटा पडतो, त्यावर काळी बुरशी धरते आणि वर्षाचं पीक हातचं जातं. पण मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारणी टाळणं जमण्यासारखं आहे, आणि सातेरी जवळच चरत असल्याने आजूबाजूच्या चार बागांनी ठरवलं तरी फरक पडेल. तेही जमत नसेल तर पेट्या दोन-तीन किलोमीटर पलीकडे रानाच्या बाजूला न्याव्यात, आणि तेही रात्री, माश्या आत असताना. त्याहून जवळ ठेवल्या तर माश्या आठवणीने जुन्याच जागी परततात.