इटालियन वाइन : प्रादेशिक शैली

इटलीच्या वीसही प्रांतांत वाइनची द्राक्षे पिकतात आणि तिथल्या अधिकृत नोंदीत द्राक्षांच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत. यातल्या बहुतेक जाती आपापल्या खोऱ्याबाहेर फारशा गेल्या नाहीत. त्यामुळे इटालियन वाइनची अशी एक चव नाही, मुलखामुलखाच्या चवी आहेत. उंची बाटलीवर ठळक अक्षरांत बहुधा गावाचे किंवा डोंगरपट्ट्याचे नाव असते, आणि द्राक्ष कोणते ते घेणाऱ्याने जाणून असायचे. यात नवखा माणूस हमखास फसतो. ‘व्हिनो नोबिले दि मोंतेपुल्चानो’ या नावातले मोंतेपुल्चानो हे तोस्काना प्रांतातले गाव आहे आणि तिथली वाइन सांजोवेझे द्राक्षाची असते. ‘मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो’ या नावातले मोंतेपुल्चानो मात्र द्राक्षाची जात आहे आणि ती आब्रुत्सो प्रांतात पिकते.

नावांना कायद्याचे संरक्षण १९६३ मध्ये मिळाले. ‘डीओसी’ (मूळस्थानाचे नियंत्रित नाव) हा शिक्का वाइन कोणत्या हद्दीतली, कोणत्या द्राक्षांची आणि कशी मुरवलेली हे ठरवतो. त्याहून कडक ‘डीओसीजी’ शिक्क्याचे पहिले मानकरी १९८० मध्ये ठरले. बारोलो आणि ब्रुनेल्लो दि मोंताल्चिनो त्यांतलेच. हा शिक्का मूळ गाव आणि पद्धत यांची हमी देतो. चवीची हमी त्यात नाही, ती उत्पादकाच्या नावावरून आणि वर्षावरून जोखावी लागते.

बारोलो. वायव्येकडील पिएमोंते प्रांतात, आल्बा शहराजवळ लांगे नावाच्या टेकड्या आहेत. तिथल्या ११ गावांच्या हद्दीत, फक्त नेब्बिओलो द्राक्षापासून बारोलो होते. ‘नेब्बिया’ म्हणजे धुके. उशिरा, ऑक्टोबरात, टेकड्यांवर धुके उतरू लागते तेव्हा ही द्राक्षे काढणीला येतात, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. पेल्यातला रंग इतका फिका असतो की वाइन हलकी असावी असे वाटते. पहिल्याच घोटाला मात्र कच्ची सुपारी चावल्यासारखी जीभ आखडते. हा तुरटपणा म्हणजेच टॅनिन, आणि तो निवायला वर्षे लागतात. निवला की गुलाब, डांबर, सुकी पाने असे एकमेकांशी न जुळणारे वास एकाच पेल्यात येतात. नियमाने बारोलो विक्रीआधी किमान ३८ महिने मुरावी लागते, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात. जास्त मुरवलेल्या ‘रिझेर्वा’साठी ही मुदत ६२ महिने आहे.

एवढ्याशा मुलखातही जमीन बदलते. ला मोर्रा आणि खुद्द बारोलो गावाच्या बाजूच्या मातीतली वाइन सुगंधी आणि लवकर पिण्याजोगी होते. सेर्रालुंगा आणि मोंफोर्ते या गावांची भरदार, हट्टी आणि दीर्घायुषी. दोन टेकड्यांवरच्या एकाच वर्षाच्या बाटल्या शेजारी ठेवून चाखणे हा बारोलो समजून घेण्याचा सर्वांत चांगला मार्ग आहे.

१९८०च्या दशकात इथे घराघरांत वाद पेटला. जुनी पिढी मोठ्या, जुन्या पिंपांत वाइन मुरवी. तरुणांना फ्रान्समधल्यासारखी ओकची छोटी, नवी पिंपे हवी होती, म्हणजे वाइन लवकर मऊ होईल. एलिओ आल्तारे या तरुणाने १९८३ मध्ये घरची जुनी पिंपे करवतयंत्राने कापून काढली. वडिलांनी त्याला वारसाहक्कातून वगळले. आज बरेच उत्पादक दोन्ही टोकांच्या मधे आले आहेत, आणि नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास द्राक्षावर मात करताना क्वचितच आढळतो.

तोस्काना. इथला राजा सांजोवेझे. फ्लोरेन्स आणि सिएना यांच्यामधल्या किआंती मुलखाची हद्द तोस्कानाचा तेव्हाचा शासक तिसरा कोसिमो मेदिची याने १७१६ मध्येच फर्मान काढून आखली होती. पुढे ते नाव आसपासच्या मोठ्या प्रदेशालाही दिले गेले. म्हणून मूळ गाभ्यातल्या वाइनसाठी ‘किआंती क्लास्सिको’ हे शब्द आणि काळ्या कोंबड्याचे चिन्ह पाहावे. दक्षिणेकडे, अधिक उष्ण आणि कोरड्या मोंताल्चिनोत निव्वळ सांजोवेझेची ब्रुनेल्लो होते. ती काढणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या जानेवारीआधी बाजारात येत नाही.

याच प्रांतात नियम मोडून मोठी वाइन झाली. समुद्रालगतच्या बोल्गेरीत मारिओ इंचिसा देल्ला रोक्केत्ता यांनी दगडगोट्यांच्या जमिनीत काबेर्ने सोव्हिन्यों हे फ्रेंच द्राक्ष लावले. त्यापासून केलेली वाइन म्हणजे ‘सास्सिकाया’, आणि १९६८ची ही विक्रीसाठी आलेली पहिली. नियमात बसत नसल्याने तिच्यावर कित्येक वर्षे ‘साधी टेबल वाइन’ असेच लिहावे लागे, आणि किंमत मात्र शिक्केवाल्या वाइनपेक्षा जास्त! १९९४ मध्ये कायद्यानेच तिला जागा करून दिली.

सांजोवेझेच्या वेली महाराष्ट्रातही आहेत. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली या भारतीय-इटालियन भागीदारीतल्या कंपनीने त्या लावल्या आहेत.

आमारोने. ईशान्येकडील वेरोना शहराजवळच्या वाल्पोलिचेल्लातली ही पद्धत तासगावच्या बेदाणा शेडशी परिचय असलेल्यांना लगेच कळेल. कोर्विना आणि तिच्या सोबतच्या द्राक्षजातींचे घोस हवेशीर माळ्यांवर तीन-चार महिने सुकवतात. बेदाणा होऊ देत नाहीत. वजन साधारण तिसऱ्या हिश्शाने घटले, रस दाटला की चिरडून आंबवतात. आंबणे मध्येच थांबले तर गोड ‘रेचोतो’ मिळते. सगळी साखर आंबून गेली तर आमारोने, म्हणजे ‘कडसर’. मद्यार्क १४ टक्क्यांहून कमी चालत नाही, बहुधा १५-१६ असतो. मुरांबा, सुके अंजीर, कडू चॉकलेट अशी ही जड वाइन जेवणाच्या शेवटी, जुन्या चीजबरोबर, थोडीच घ्यावी.

एटना. सिसिलीतल्या या जागत्या ज्वालामुखीच्या उतारावर, सुमारे हजार मीटर उंचीपर्यंत, नेरेल्लो मास्कालेझे हे द्राक्ष पिकते. दक्षिणेतली असूनही ही वाइन फिकी, आंबटसर आणि ताठ असते, बरीचशी नेब्बिओलोची आठवण करून देणारी. वाळूसारख्या राखमिश्रित मातीत वेलींच्या मुळांवर जगणाऱ्या फिलॉक्सेरा किडीचा फारसा जोर चालला नाही. इतरत्र तिच्यापासून वाचायला वेली कलम करून लावतात; इथे तशी गरज पडली नाही, म्हणून कलम न केलेल्या शंभरी ओलांडलेल्या वेली इथे अजून फळतात. प्रत्येक लाव्हाप्रवाहाचे वय वेगळे, म्हणून माती वेगळी. त्या त्या शिवाराला ‘कोंत्रादा’ म्हणतात, आणि आता बाटलीवर त्याचेही नाव छापले जाते.