तिखट कान आणि लांब पल्ल्याचा कान

‘कुत्र्याला आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतं’ असं म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. एक, कान किती तिखट आहे, म्हणजे किती मंद आवाज टिपतो. दुसरी, कानाचा पल्ला किती, म्हणजे किती खर्जातला आणि किती वरच्या पट्टीतला आवाज त्याला ऐकू येतो. पहिली डेसिबलमध्ये मोजतात, दुसरी हर्ट्‌झमध्ये. सोनाराचा काटा गुंजभर वजन दाखवतो म्हणून त्यावर धान्याचं पोतं तोलता येत नाही, तसंच हे.

आधी पल्ला. माणसाचा साधारण २० ते २०,००० हर्ट्‌झ, कुत्र्याचा सुमारे ६७ ते ४५,०००. आकडा दुपटीहून मोठा दिसतो खरा, पण पट्टी दुप्पट झाली की एकच सप्तक वाढतं. त्या हिशेबाने माणसाचा कान दहा सप्तकांचा आणि कुत्र्याचा साडेनऊच्या आत-बाहेर! वर त्याने सप्तकभर कमावलं, पण खाली खर्जात त्याहून जास्त गमावलं. मांजर मात्र पल्ला आणि तिखटपणा दोन्हींत वरचढ आहे, ८५,००० हर्ट्‌झपर्यंत जातं आणि मंद आवाजही आपल्याहून चांगला टिपतं.

घुबडाकडे पाहिलं की हा फरक लख्ख दिसतो. गव्हाणी घुबडाचा कान १२,००० हर्ट्‌झच्या आसपास संपतो. पल्ल्यात ते आपल्यापुढे तोकडंच. पण त्या पल्ल्याच्या आत, आपल्याला शांतता वाटते तिथे त्याला उंदराची खसफस ऐकू येते. त्याचे दोन कान डोक्यावर एका पातळीत नसतात, एक थोडा वर तर एक खाली. त्यामुळे आवाज वरून आला की खालून, हेही त्याला कळतं. गडद अंधारात केवळ आवाजावर ते शिकार पकडतं, हे जीवशास्त्रज्ञ रॉजर पेन यांनी प्रयोगांतून दाखवलं.

योगायोग असा की याच्या अगदी उलटं उदाहरण त्यांची तेव्हाची पत्नी केटी पेन यांच्या हाती लागलं. १९८४ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ उभं असताना त्यांना हवेत धडधड जाणवली, ऐकू मात्र काहीच आलं नाही. हत्ती एकमेकांशी १४ ते २४ हर्ट्‌झच्या खर्जात बोलत होते.

वटवाघळांचं तर विचारूच नका. काहींची हाक तोंडापासून १० सेंटिमीटरवर मोजली तर १२० डेसिबलच्या घरात भरते, तरी ती डोक्यावरून जाते आणि आपल्याला पत्ता नसतो. इथे कितीही तिखट कान कामाचा नाही, कारण आपला पल्लाच इतक्या वरच्या पट्टीपर्यंत पोहोचत नाही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत ही गल्लत महागात पडते. वयाबरोबर आधी जातो तो वरच्या पट्टीतला आवाज. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. ‘स’, ‘फ’सारखी व्यंजनं मात्र निसटतात. म्हणून आजी म्हणते, ‘ऐकू येतंय रे, पण कळत नाही.’ आपण ओरडतो, तेव्हा मोठे होतात ते मुख्यतः स्वरच. कानाच्या डॉक्टरांकडच्या ऑडिओग्रामवर दोन्ही गोष्टी एकाच कागदावर दिसतात: आडव्या रेषेवर हर्ट्‌झ, उभ्या रेषेवर डेसिबल. ही तपासणी सहसा ८,००० हर्ट्‌झपर्यंतच करतात, बोलणं कळायला तेवढं पुरतं.