डिसेबल्डला ‘फॉल्स’ दिलं की बटण चालू होतं?

वेबपेजवरचं बटण बंद ठेवायला त्याच्या एचटीएमएल टॅगमध्ये ‘डिसेबल्ड’ हे अ‍ॅट्रिब्यूट (टॅगला जोडलेली खूण) लिहितात. ‘डिसेबल्ड अ‍ॅट्रिब्यूटला फॉल्स लिहा, बटण चालू होईल’, हे जावास्क्रिप्टच्या नोट्समधून वर्षानुवर्षं फिरतंय. पटण्यासारखं आहे, पण तसं होत नाही. ब्राउझर इथे अ‍ॅट्रिब्यूटला दिलेली किंमत (व्हॅल्यू) बघतच नाही; अ‍ॅट्रिब्यूट आहे की नाही, एवढंच बघतो. म्हणून जावास्क्रिप्टच्या सेटअ‍ॅट्रिब्यूट या मेथडने ‘फॉल्स’ लिहिलं तरी बटण बंदच.

असं बटण बनवा आणि एफ१२ दाबून ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (जिथे कोड लिहून लगेच उत्तर बघता येतं) ताडून पाहा. गेटअ‍ॅट्रिब्यूट ‘फॉल्स’ सांगेल. बटणाची डिसेबल्ड प्रॉपर्टी, म्हणजे ते खरंच बंद आहे का हे विचारलंत, तर उत्तर ट्रू. रिमूव्हअ‍ॅट्रिब्यूट केलंत की बटण लगेच दाबता येतं.

गोंधळ वाढायला जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररीही थोडी कारणीभूत आहे: अ‍ॅट्रिब्यूट बदलणाऱ्या तिच्या अ‍ॅटर या मेथडला अवतरणाशिवाय फॉल्स दिलं, तर ती अ‍ॅट्रिब्यूटच काढून टाकते, अवतरणात दिलं, तर बटण बंद. जेक्वेरीत २०११ च्या १.६ आवृत्तीपासून थेट प्रॉपर्टी बदलणारी प्रॉप ही मेथड आहे, मी तेच वापरा म्हणेन.